चर्चा दराची, प्रश्न साठ्याचा

पावसाने ओढ दिली की छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर पहिला प्रश्न असतो तो नाथसागरात किती टक्के पाणी उरले, हा. वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय झालेल्या या जुन्या बाजारपेठेत ‘उपयुक्त साठा’ आणि ‘मृतसाठा’ यांतील फरक कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. टंचाईने हे शिक्षण दिले आहे. मात्र ज्या दुसऱ्या साठ्यावर या बाजाराची सारी उलाढाल उभी आहे, त्या खनिज तेलाची पातळी विचारणारा येथे क्वचितच भेटेल. गुलमंडीत विकले जाणारे पॉलिस्टरचे कापड, प्लॅस्टिकची भांडी, तो माल आणणारे टेम्पो आणि अरुंद रस्त्यावर दाटीने उभ्या असलेल्या दुचाकी या सर्वांचे मूळ तेलात आहे.

तेलाची चर्चा होतच नाही, असे नव्हे. २०२१ मध्ये पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला तेव्हा चौकाचौकांत दुसरा विषय नव्हता. केंद्राचा कर किती, राज्याचा किती, परभणीत पेट्रोल सर्वाधिक महाग का, यावर सामान्य माणूसही अधिकारवाणीने बोलू लागला. ही चर्चा गैर नाही, कारण इंधनाच्या किमतीत करांचा वाटा मोठा आहे. तथापि, दर म्हणजे साठा नव्हे. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा उच्चांक गाठला आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी तेलाचा वायदा चक्क शून्याखाली गेला. या बारा वर्षांत जमिनीखालचे तेल वाढले नव्हते, उलट जगाने ते अखंड उपसले होते. दरावरून साठ्याचा अंदाज बांधणे म्हणजे टँकरच्या भाड्यावरून धरणाची पातळी ठरविण्यासारखे आहे.

पुरवठा थांबला तर काय होते, याची छोटी झलक शहराने जानेवारी २०२४ मध्ये पाहिली. अपघातप्रकरणी शिक्षेच्या नव्या तरतुदीविरोधात वाहनचालकांनी संप पुकारला आणि मनमाडजवळच्या पानेवाडी येथील तेल डेपोंतून टँकर बाहेर पडेनात. मराठवाड्याच्या मोठ्या भागाला तेथूनच इंधन मिळते. लगेच पंपांवर रांगा लागल्या. संप मिटला, रांगा ओसरल्या आणि त्याबरोबर विषयही संपला. शहरात किती दिवसांचे इंधन असते, रुग्णवाहिका, बस आणि भाजीपाल्याच्या गाड्यांना प्राधान्य कोणी व कसे द्यायचे, हे प्रश्न त्या दोन दिवसांत पुढे आले होते. नंतर ते कोणी विचारले नाहीत.

घरचाच धडा

तेलाचे क्षेत्र म्हातारे होते म्हणजे काय, हे समजण्यासाठी अरबस्तानात जाण्याची गरज नाही. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या ‘बॉम्बे हाय’ क्षेत्राचा शोध फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या यंत्रणेने लावला. १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या तेलसंकटाने हैराण झालेल्या देशाला तो मोठाच आधार वाटला. १९८५ मध्ये तेथील उत्पादन दिवसाला सुमारे ४ लाख ७० हजार पिंपांवर पोहोचले. २०२४ मध्ये ते साधारण १ लाख ३४ हजार पिंपांपर्यंत खाली आले होते. घट रोखण्यासाठी ‘ओएनजीसी’ने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कंपनी ‘बीपी’चे तांत्रिक साहाय्य घेण्याचा निर्णय जाहीर केला.

याचा अर्थ तेथील तेल संपले असा नाही. विहीर एके दिवशी कोरडी पडत नाही. भूगर्भातील दाब कमी होतो, तेलाबरोबर येणारे पाणी वाढते आणि प्रत्येक पुढचे पिंप काढण्यास अधिक खर्च, अधिक ऊर्जा लागते. नाथसागराशी तेलाची तुलना येथे संपते. धरण पुढच्या पावसाळ्यात भरू शकते. तेलाच्या क्षेत्राला पावसाळा नसतो.

लांडगा आला रे!

जगभर या विषयाची चर्चा मंदावली, त्याला कारणही तसेच आहे. अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये त्यांच्या देशाचे तेल उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरणीला लागेल, असे भाकीत केले होते. १९७० मध्ये ते खरे ठरले. पुढे संपूर्ण जगासाठी अशीच भाकिते झाली. पण खडकांना भेगा पाडून तेल काढण्याचे तंत्र अमेरिकेत रुजले आणि २०१८ मध्ये त्या देशाने १९७० चा विक्रम मागे टाकला. लांडगा आला नाही, असे म्हणत लोक पांगले.

वस्तुस्थिती मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. पारंपरिक क्षेत्रांतील कच्च्या तेलाच्या उत्पादनाने २००६ मध्येच शिखर गाठल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१० च्या अहवालात नोंदविले होते. सप्टेंबर २०२५ मधील तिच्या अभ्यासानुसार, २०१९ पासून तेल व वायू उत्खननात झालेल्या गुंतवणुकीपैकी सुमारे ९० टक्के रक्कम केवळ जुन्या क्षेत्रांतील घट भरून काढण्यात गेली. ही गुंतवणूक पूर्णपणे थांबली, तर ब्राझील आणि नॉर्वे यांच्या एकत्रित उत्पादनाइतके तेल दर वर्षी कमी होत जाईल. जगाची मागणी कधी घटू लागेल, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण आहे तेथेच राहण्यासाठी जगाला सतत धावावे लागते, याबद्दल शंका उरलेली नाही.

या धावपळीत भारताची स्थिती अधिक नाजूक आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८८ टक्क्यांच्या आसपास तेल आयात होते. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत साठ्यांची क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे सुमारे साडेनऊ दिवसांच्या गरजेइतकी आहे. तेल कंपन्यांची साठवण धरली तरी ही क्षमता, सरकारी आकड्यांनुसार, ७४ दिवसांच्या आसपास जाते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या सदस्यांकडून ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतक्या साठ्याची अपेक्षा ठेवते. देशाच्या तेलाचा हा ‘उपयुक्त साठा’ किती जणांना ठाऊक आहे?

शहरापुढील निवड

संभाजीनगरला हा प्रश्न दूरचा वाटू नये, याचे आणखी एक कारण आहे. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकीने या शहराचे नशीब बदलले. ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी करून शहराने देशाचे लक्ष वेधले. आता वारा फिरला आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकी बनविणाऱ्या ‘एथर’ने २०२४ मध्ये बिडकीन येथे प्रकल्प जाहीर केला, त्याच वर्षी टोयोटा-किर्लोस्करने येथील मोटारप्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. उद्योगाने पुढची पाटी वाचली आहे. इंजिनाच्या सुट्या भागांवर जगणाऱ्या लघुउद्योगांचे आणि दुचाकी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे काय, हे मात्र अद्याप ठरायचे आहे.

पर्यायांनाही किंमत असतेच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. पण त्यासाठीचा ऊस मराठवाड्यात पाणी मागतो. पाऊस कमी झाल्याने साखर घटण्याची चिन्हे दिसताच डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राला निर्बंध आणावे लागले होते. तेलाची तूट नाथसागरातून भरून काढायची काय, हा प्रश्न येथे अक्षरशः खरा ठरतो. शिवाय, पेट्रोलच्या जागी वीज आली तरी गुलमंडीचा रस्ता रुंद होणार नाही. तेथे भरवशाची बस आणि निर्धोक पायवाट हेच इंधन वाचविण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

हे निर्णय रांगा लागल्यावर घेता येत नाहीत. बस वाढविणे, कारागिरांना नवे कौशल्य देणे, साठवण उभारणे या कामांना वर्षे लागतात आणि ती तेल परवडते तोवरच सुरू करणे शहाणपणाचे असते. धरण भरलेले असताना नियोजन केले नाही की उन्हाळ्यात काय होते, हे या शहराला कोणी शिकवण्याची गरज नाही. पाण्याने शिकविलेला तोच धडा तेलाला लावला, तर गुलमंडीवरची चर्चा ‘आज भाव काय?’ यापाशी न थांबता ‘उद्याची सोय काय?’ येथवर जाईल. लोकप्रतिनिधींना उत्तर द्यावे लागेल ते या दुसऱ्या प्रश्नाचे.