फलकांवरील इंग्रजी

देश आधुनिक होऊ लागला की त्याच्या सार्वजनिक फलकांवरील इंग्रजी आपोआप सुधारते, असा एक समज आहे. चीनचा अनुभव वरवर पाहता या समजाला पुष्टी देतो. परंतु त्यातील ‘आपोआप’ हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे.

चीनमधील सदोष इंग्रजी फलक हा परदेशी प्रवाशांच्या करमणुकीचा विषय झाला होता. फरशी निसरडी असल्याचा इशारा देणाऱ्या चार चिनी अक्षरांचे इंग्रजीत ‘जपून घसरा’ असे भाषांतर ठिकठिकाणी झळकत असे. या अक्षरांपैकी तिसऱ्याचा अर्थ ‘जमीन’ असा होतो. तेच अक्षर क्रियाविशेषणाचा प्रत्यय म्हणूनही येते. शब्दाला शब्द लावणाऱ्याने इथे नको तो अर्थ उचलला आणि रंगाऱ्याने तो रंगवला. मधल्या मध्ये तो वाचून पाहणे हे कोणाचेच काम नव्हते. खरे न्यून होते ते हेच.

ते न्यून दूर झाले ते काळाच्या ओघात नव्हे, तर यत्नपूर्वक. २००८च्या ऑलिंपिकपूर्वी बीजिंगने आणि २०१०च्या जागतिक प्रदर्शनापूर्वी शांघायने चुकीचे फलक हुडकून बदलण्याची मोहीम काढली. पुढे १ डिसेंबर २०१७पासून राष्ट्रीय मानकच लागू झाले. वाहतूक, आरोग्य, वित्तव्यवहार आदी १३ क्षेत्रांसाठी साडेतीन हजारांहून अधिक प्रमाण भाषांतरे त्यात दिलेली आहेत. इंग्रजीचा अतिरेक टाळावा, असेही त्यात बजावले आहे, हे विशेष.

तथापि, नियमाला चिकटून राहणे म्हणजे वाचकाची सोय पाहणे नव्हे. २०२१च्या अखेरीस बीजिंगच्या भुयारी रेल्वेच्या फलकांवर ‘स्टेशन’ या इंग्रजी शब्दाच्या जागी रोमन लिपीत ‘झान’ हा चिनी शब्द दिसू लागला. चिनी माणसाला रोमन लिपीची गरज नाही आणि परदेशी माणसाला ‘झान’ समजत नाही. मग हा फलक कोणासाठी, असा प्रश्न तेथील नागरिकांनीच विचारला. तो रास्त होता.

फलकाची भाषा सुधारते ती वाचणाऱ्याविषयी कोणाला तरी कर्तव्य वाटू लागते तेव्हा. हा धडा एकट्या इंग्रजीपुरता नाही. महाराष्ट्रात २०२२च्या कायदादुरुस्तीने लहान दुकानांनाही देवनागरीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला आणि त्यावरील मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत, असेही ठरले. अक्षरांचा आकार कायदा सांभाळील. त्यांची शुद्धता सांभाळण्यासाठी मात्र रंगवण्यापूर्वी एकवार वाचून पाहणारा माणूसच हवा.