शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे?



दरवर्षी 15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. कपाट उघडतो, पुस्तकं मांडतो, मुलांना ओळीत बसवून फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. दुपारी पुस्तकं मोजून परत कपाटात! मीही हे बरीच वर्षं केलंय. त्यामुळे कुणाकडे बोट दाखवायला हा लेख नाही.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं निघतात. अशाच एका घरातली चौथीतली मुलगी निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आली. "सर, हे गोष्टीचं पुस्तक कोपीवर नेऊ का? आल्यावर देते." पुस्तक पातळसं, किंमत चाळीस-पन्नास रुपये. मी नाही म्हणालो. हरवलं तर? साठा रजिस्टरला नोंद आहे, तपासणीत विचारलं तर काय सांगायचं? ती काही बोलली नाही, पुस्तक टेबलावर ठेवून गेली.

मार्चच्या अखेरीस ती परत आली तेव्हा जोडाक्षरांवर अडखळत होती. पाच महिन्यांत तिच्या हाती वाचायला काही आलंच नव्हतं. पुस्तक कपाटात सुरक्षित होतं, रजिस्टरही बरोबर होतं.

चूक माझी होती. पण नंतर विचार केला, मला हे शिकवलं कुणी होतं? पुस्तक फाटलं, हरवलं तर निर्लेखन कसं करायचं, कुठल्या वयाला कोणतं पुस्तक द्यायचं, न वाचणाऱ्या मुलाला पहिलं पुस्तक कोणतं दाखवायचं, हे डी.एड.ला फारसं कुणी सांगत नाही. ग्रंथालय विभागाचा कार्यभार मिळतो म्हणजे एक किल्ली आणि एक रजिस्टर मिळतं.

माणूस कुठंय?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत, असं म्हटलंय. पण ती पुस्तकं मुलांच्या हातात देणारा माणूस कोण? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पदच नाही. मोठ्या पटाच्या माध्यमिक शाळेत ते असतं, तिथंही अर्धवेळ ग्रंथपालांचा प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे.

आपला जिल्हा या बाबतीत मागासलेला मुळीच नाही. नगर शहरातल्या जिल्हा वाचनालयाची स्थापना 1838 ची. राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याचं नाव घेतलं जातं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला, त्यानुसार अ, ब, क, ड वर्गाची वाचनालयं गावोगावी अनुदानावर चालतात. त्यांचे जिल्हा आणि राज्य पातळीवर संघ आहेत, अधिवेशनं होतात. तिथं अनुदान, वेतनश्रेणी, दर्जाबदल हे विषय पुढे असतात आणि ते असायलाच हवेत. महिन्याच्या तुटपुंज्या मानधनावर वाचनालय उघडणाऱ्या माणसाला आधी त्याचं पोट दिसणार. माझं म्हणणं एवढंच, की त्या दिवसभरात एक तास मुलांच्या पुस्तकांसाठी हवा.

दुसरीकडे काय करतात?

अमेरिकेत मुलांच्या ग्रंथपालांची वेगळी संघटना आहे, असोसिएशन फॉर लायब्ररी सर्व्हिस टू चिल्ड्रन. तिचं वर्षाचं काम बघण्यासारखं आहे. तिच्या निवड समित्या वर्षभर मुलांची नवी पुस्तकं वाचतात, त्यांवर चर्चा करतात आणि त्यातून पुरस्कार ठरतात. त्यातला न्यूबेरी पुरस्कार 1922 पासून दिला जातो. त्याच्या निकषांत स्पष्ट आहे, की पुस्तक किती उपदेश करतं किंवा किती खपतं यावर निवड करायची नाही, लेखनाचा कस बघायचा. आपल्याकडे शाळेला देणगीत येणारी पुस्तकं आठवा. निम्मी तरी 'तात्पर्य' सांगणारी! मुलं ती उघडतात आणि मिटतात.

इंग्लंडमध्ये कार्नेगी पदक ग्रंथपालच ठरवतात, 1936 पासून. तिथं अंतिम यादीतली पुस्तकं शाळांतले वाचनगट वाचतात आणि मुलं आपलं मत मांडतात. मोठ्यांचा निकाल वेगळा लागला तर त्यावर वाद घालतात. वाद घालायचा म्हणजे पुस्तक वाचावंच लागतं.

आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून आहे, बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं. म्हणजे पुस्तकं आहेत, लिहिणारे आहेत. मधला दुवा नाही.

आपण काय करू शकतो?

नवीन संघटना काढा, पावती पुस्तक छापा, असं मी म्हणत नाही. केंद्राची शिक्षण परिषद आहेच, गावाचं वाचनालय आहेच. शाळांचे ग्रंथालय-कार्यभार सांभाळणारे शिक्षक, अर्धवेळ ग्रंथपाल आणि गावातले ग्रंथपाल तालुक्याला एकत्र आले, तर वर्षाचं काम असं आखता येईल:

1. जून - मागच्या वर्षी मुलांनी खरंच वाचलेल्या पुस्तकांची इयत्तावार यादी करायची. नवी खरेदी त्या यादीवरून.

2. 12 ऑगस्ट - डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिन, ग्रंथपाल दिन. हारतुऱ्यांऐवजी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठेवायचं. दाखल नोंद, पुस्तक शिवणं-चिकटवणं, मोठ्याने वाचून दाखवणं आणि निर्लेखनाची रीत. पुस्तकांचा वापर हा रंगनाथन यांच्या सूत्रांचा पायाच आहे.

3. दसऱ्याच्या आधी - स्थलांतराला निघणाऱ्या प्रत्येक मुलासाठी पाच पुस्तकांची पिशवी. हंगामात एकमेकांत बदलून वाचायची. हरवली तर हरवली, त्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत आधीच घ्यायचा.

4. 14 ते 20 नोव्हेंबर - ग्रंथालय सप्ताहात मुलांना गावच्या वाचनालयात न्यायचं आणि शक्य तिथं सभासद करायचं.

5. 2 एप्रिल - आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन. तालुक्यातल्या मुलांनी मतदान करून वर्षाचं आवडतं पुस्तक निवडायचं. त्याच दिवशी हिशोब द्यायचा, पण किती पुस्तकं शिल्लक याचा नाही, किती फिरली याचा!

"सर, आधीच अशैक्षणिक कामं कमी आहेत का?" हे तुम्ही म्हणणारच. खरं आहे. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, यातून वेळ काढायचा कसा? पण पाचवीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नाही म्हणून आपण जादा तास घेतोच ना? त्यातला थोडा वेळ पुस्तक निवडण्यात गेला तर तास कमी लागतील, असा माझा अनुभव आहे. आणि शिक्षकांनी हे काम केलं म्हणून ग्रंथपालाच्या पदाची मागणी सोडायची, असंही नाही. उलट काम दिसलं तर मागणीला जोर येईल.

पालकांनाही एक विनंती. शाळेत आलात की निकालाबरोबर हेही विचारा, "माझ्या मुलाने या महिन्यात कोणतं पुस्तक घरी आणलं?" तुम्ही विचारायला लागलात की किल्ली आपोआप फिरेल.

त्या मुलीला पुढच्या दसऱ्याला मी पाच पुस्तकं दिली. एप्रिलमध्ये चार परत आली. पाचवं तिने कोपीवरच्या एका लहान मुलाला दिलं होतं, कारण त्याच्याकडे एकही नव्हतं. रजिस्टरमध्ये मी त्या पुस्तकापुढे 'हरवले' असं लिहिलं नाही. 'वापरात' असं लिहिलं.