तिथी विचारणारे आतिथ्य

उदयपूरच्या पिछोला तलावातला जगनिवास महाल महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ते १७४६ या काळात बांधला. १९६०च्या दशकात त्याचे हॉटेल झाले. अशा महाल-हॉटेलांच्या संकेतस्थळांवरील पहिल्या पानाचा साचा आता ठरून गेला आहे. पडदाभर पाणी, कमानी, सांजप्रकाश, खाली ‘राजेशाही अनुभव’. (समीक्षेत इतका जपून वापरलेला हा शब्द!) चित्रात माणूस बहुधा नसतोच, असला तर फेटा बांधून हात जोडलेला.

आणि वर अतिथीला देव म्हणण्याची हौस. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत हा उपदेश अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला, म्हणजे होऊ घातलेल्या यजमानाला आहे. तो त्याच्यावर टाकलेला भार आहे, पाहुण्याला दाखवायचे आमिष नव्हे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची परंपरागत फोड. इथे तर आगमनाची तारीख भरल्यावाचून दरही कळत नाही! हॉटेलाने पैसे घेण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते गिऱ्हाइकाला देव म्हणून किंमत झाकणे. दर पहिल्याच पानावर छापावा, आणि उपनिषदाच्या जागी खोलीत काय मिळते ते सांगावे.