नखाखालची बुरशी ही फक्त तिचीच डोकेदुखी का?

लग्नसराई आली की पार्लरमध्ये कृत्रिम नखं बसवून घेण्याची हौस आता गोंदिया शहरापुरती राहिलेली नाही. आणि सराई सरली की पिवळी पडलेली, जाड झालेली, भुगा होणारी नखं ओढणीत लपवणाऱ्या मुलीही आपल्याच घरांत दिसतात. ‘कशाला हवेत हे नखरे?’ असं सुनावून आपण मोकळे होतो. पण दोष खरोखर तिच्या एकटीचा आहे का?

१. नखं लावणं हा गुन्हा नाही. धोका न सांगता ती लावून देणं हा मात्र बेजबाबदारपणा आहे. ॲक्रिलिक किंवा जेल नीट बसावं म्हणून मूळ नख घासतात, त्यानं ते पातळ होतं. दोन-तीन आठवड्यांत नख वाढतं, कड सुटते आणि त्या फटीत भांड्यांचं, धुण्याचं पाणी शिरतं. आत ओल कोंडते, बुरशीला आयतं घर मिळतं आणि वरच्या रंगामुळे महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. सुटलेली कड पुन्हा चिकटवू नये, नख ओरबाडून न काढता ॲसिटोनमध्ये भिजवून काढावं, मधे काही काळ नखं मोकळी ठेवावीत, एवढं तरी पैसे घेणाऱ्यानं सांगायलाच हवं.

२. आपला जिल्हा धानाचा आहे, हे विसरून चालणार नाही. मे महिन्यात बहिणीच्या लग्नात नखं लावलेली मुलगी जुलैत आईसोबत रोवणीला बांधीत उतरते. दिवसभर हातपाय चिखलात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, नखुरडं होतं, आणि बेचक्यातली बुरशी हळूहळू नखात शिरते. घरात नेलकटर बहुधा एकच, तेच आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना. जिथे बायांचे हात पोट भरतात, तिथे नखाचा आजार हा रोजीरोटीचाच प्रश्न आहे.

३. पार्लरमधल्या हत्यारांकडे कोण पाहतं? स्टीलची हत्यारं आधी साबणानं घासून मग ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करावी लागतात. निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवून ते काम होत नाही. खरखरीत फाईल आणि लाकडी काडी तर एका गिऱ्हाइकानंतर फेकूनच द्यायची असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मोजक्या कामगारांच्या छोट्या आस्थापनेला नोंदणीही लागत नाही, नुसती सूचना दिली की पुरे. आपली बहुतेक पार्लरं याच गटातली. नगर परिषदेनं आणि ग्रामपंचायतींनी निदान स्वच्छतेचे चार नियम दर्शनी भिंतीवर लावायला लावावेत.

४. खरा संताप येतो तो मेडिकलच्या काउंटरवर. बाई बोट दाखवते, समोरून ट्यूब येते. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी आत पसरत राहते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्रानं २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमं अनुसूची ‘एच’मध्ये घातली, तरी विक्री चालूच. शिवाय जाड नखातून मलम आत पोचतच नाही, म्हणजे पैसे गेले आणि आजारही राहिला. अन्न व औषध प्रशासनानं ही विक्री रोखलीच पाहिजे.

५. तपासणीशिवाय गोळ्या नकोत. प्रत्येक बिघडलेलं नख बुरशीचं नसतं. सोरायसिसनं, मारानंही नख असंच दिसतं. हिरवट पडलेल्या नखात बहुधा जिवाणू असतात, त्यावर बुरशीची गोळी काय करणार? खरी बुरशी असेल तर टर्बिनाफिनची गोळी हाताच्या नखाला साधारण सहा आठवडे, पायाच्या नखाला बारा आठवडे घ्यावी लागते, तीही यकृताचा विचार करून आणि गरोदर बाईला टाळून. त्यानंतरही हाताचं नख पूर्ण नवं यायला सहा महिने आणि पायाचं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मधेच गोळी सोडणं किंवा आजारी नखावर पुन्हा कृत्रिम नख चढवणं म्हणजे झालेला खर्च पाण्यात घालणं.

६. रुग्णसेवेत तर कृत्रिम नखं नकोतच. अमेरिकेत ओक्लाहोमा शहरातल्या नवजात अतिदक्षता कक्षात १९९७-९८ मध्ये सूडोमोनास जिवाणूची लागण झालेली १६ बाळं दगावली; तपासात परिचारिकांच्या लांब आणि कृत्रिम नखांशी त्याचा संबंध आढळला. आपल्याकडे बाई गंगाबाई महिला रुग्णालयात जिल्हाभरातल्या लेकी बाळंतपणाला येतात. तिथे हा नियम कडक असायला नको का?

७. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण नखाची पहिली तपासणी करायला मोठं यंत्र लागतच नाही. नखाचा कपचा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, बस. क्षयाची थुंकी तपासायला तालुक्यातालुक्यांत सूक्ष्मदर्शक आहेत, तंत्रज्ञ आहेत. आठवड्यातला एक दिवस नखांसाठी आणि त्वचेसाठी ठेवणं आरोग्य विभागाला जड आहे का? देवरीच्या किंवा सालेकशाच्या मजूर बाईनं एवढ्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून गोंदिया का गाठावं?