खणातला जुना डोंगल

परभणी, मानवत, सेलू येथील मोंढ्यांतील पुष्कळ पेढ्यांचा हिशेब आजही डेस्कटॉप संगणकावर असतो. आणि त्याची इंटरनेटची तार उंदीर कुरतडतो तो नेमका ११ तारखेच्या सुमारास. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यास जीएसटीआर-१ त्याच तारखेपर्यंत द्यावयाचे असते. मग खणात वर्षानुवर्षे पडून असलेला वायफायचा डोंगल आठवतो. तो जोडला जातो, संगणक एकदा वाजतो आणि पुढे काहीच घडत नाही. डोंगल बिघडला असे ठरवून मुलास नवा आणावयास पिटाळले जाते. हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा ठरतो.

उणीव असते ती ड्रायव्हरची, म्हणजे वस्तूची ओळख विंडोजला पटवून देणाऱ्या छोट्या प्रणालीची. काही डोंगल तर जोडताच सीडीच्या रूपाने प्रकटतात; त्या ‘सीडी’तच ड्रायव्हर असतो. एरवी डिव्हाइस मॅनेजर उघडावा, पिवळ्या खुणेच्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन डिटेल्सखालील हार्डवेअर आयडी पाहावा. व्हीआयडीपुढील चार चिन्हे निर्मात्याची, पीआयडीपुढील चार वस्तूची. ०बीडीए असल्यास तो क्रमांक रियलटेकचा. डब्यावरील नावावर विसंबून चालत नाही. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत चिप निराळी निघू शकते. कापूस पारखणारा धाग्याची लांबी पाहतो, गाठीवरचा शिक्का नव्हे.

आता ड्रायव्हर आणण्यास इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले की हा पेच सुटतो. (खरे तर त्याच जोडणीवर आधी विवरण भरून मोकळे व्हावे; डोंगल उद्याही बसेल.)

ड्रायव्हर मात्र निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ज्या संगणकात खातेवही आणि बँकेचे व्यवहार आहेत, तेथे ‘सर्व ड्रायव्हर फुकट’ देणाऱ्यास प्रवेश देणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देणे होय. काम आरंभण्यापूर्वी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि तो पेनड्राइव्ह काढून ठेवावा.

एवढे करूनही घरचे वायफाय यादीत न दिसल्यास घाबरू नये. अनेक जुने डोंगल केवळ २.४ गिगाहर्ट्झ जाणतात. राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नाव त्यांना दिसतच नाही. वेग मंद असल्यास डोंगल संगणकाच्या पत्र्याआडून काढून हातभर एक्स्टेन्शन केबलने मेजावर आणावा. निळ्या यूएसबी ३.० च्या जागेऐवजी तो काळ्या जागेत बसवावा, यूएसबी ३.० चा विद्युत गोंगाट त्याच २.४ च्या पट्ट्यात मिसळतो.