लाइन दोन हव्यात की हँडसेट दोन?

जबलपूरला टेलिफोनचे अप्रूप नाही. दूरसंचार खात्याच्या माणसांना शिकवणारी संस्था या शहरात १९४२ पासून आहे आणि खात्याचा कारखानाही इथे होता. १९५६ साली मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय इथे आले, तेव्हा वकिलांच्या घरी पक्षकारांची आणि फोनची वर्दळही ओघानेच आली. मोबाइल आल्यावर कित्येकांनी घरचा फोन काढून टाकला, हे खरे. तरीही घरातच ऑफिस असलेले वकील, डॉक्टर आणि ज्यांच्याकडे वयस्क आईवडील आहेत अशी कुटुंबे तो अजून ठेवून आहेत. अशा घरी जुना फोन बदलायची वेळ आली की कोणीतरी हमखास सुचवते, "मल्टिलाइन कॉर्डलेसच घेऊ या!"

पण हवे असते भलतेच. लाइन म्हणजे नंबर आणि हँडसेट म्हणजे हातात धरायचा फोन. दुकानदारही या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

नेपियर टाऊनमधले एखादे दुमजली घर डोळ्यांसमोर आणा. खाली पुढच्या खोलीत वकीलसाहेबांचे ऑफिस, मागे आईंची खोली आणि वर सूनबाईंचे स्वयंपाकघर. फोन वाजला की वरून हाक येते, "आई, जरा उचलता का?" आई गुडघे धरत उठतात, तोवर फोन बंद. या घराला दुसऱ्या लाइनची मुळीच गरज नाही. त्याला हवा आहे एका नंबरावर चालणारा, तीन हँडसेटचा कॉर्डलेस. त्यातला मुख्य बेस तेवढा टेलिफोनच्या तारेला जोडायचा. बाकीच्या हँडसेटना चार्जिंगपुरता विजेचा प्लग पुरतो. बहुतेक संचांत आपसात बोलण्याची इंटरकॉमची सोय असते, त्यामुळे जेवायला बोलावण्यासाठी जिन्यातून ओरडावे लागत नाही.

दुसरी लाइन लागते ती वेगळ्या कारणासाठी. पक्षकार तासभर बोलत राहतो आणि त्याच वेळी मुलीचा फोन घरी लागत नाही, असे वारंवार होते का? आठ दिवस वहीत टिपून ठेवा. दोन लाइनी म्हणजे महिन्याला दोन भाडी. आठवड्यातून एखाद्या वेळी होणाऱ्या खोळंब्यासाठी हा खर्च पटण्यासारखा नाही.

मराठी घरांत आणखी एक मोह असतो, तो अमेरिकेतल्या मुलाने आणलेल्या संचाचा. दोन लाइनींचे देखणे कॉर्डलेस तिथे सहज मिळतात. पण त्यांचा अ‍ॅडॉप्टर बहुधा १२० व्होल्टचा, आपली वीज २३० व्होल्टची. तिथल्या संचात दोन्ही लाइनी एकाच चार तारांच्या सॉकेटमधून येऊ शकतात. आपल्याकडे प्रत्येक लाइनीची दोन तारांची जोडी वेगळी येते. शिवाय तिथले नवे कॉर्डलेस १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. भारतात या लहरी मोबाइल कंपन्यांना दिलेल्या आहेत. त्यामुळे असा फोन लावला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये अडथळा येऊ शकतो आणि तो वापरणे कायद्यातही बसत नाही. प्रेमाने दिलेली भेट असली तरी ती खोक्यातच राहू द्यावी. १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालणारा, इथेच विकला जाणारा संच घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या साध्या फोनला घरची वीज लागतच नाही. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून सुमारे ४८ व्होल्टचा दाब तारेतूनच येतो. म्हणून अंधारातही तो वाजतो. कॉर्डलेसचे तसे नाही. वीज गेली की बेस बंद, आणि मग हँडसेट कितीही चार्ज केलेला असला तरी मुका. जबलपूरकरांना २२ मे १९९७ ची रात्र आठवत असेल. रात्री एकच्या सुमारास भूकंप झाला, घरे पडली, तीसहून अधिक माणसे दगावली. अशा रात्री खालच्या खोलीत एकट्या असलेल्या आईंच्या हाती चालणारा फोन असायला नको का? तांब्याची तार असेल तर कॉर्डलेसच्या जोडीला एक साधा तारेचा फोन आईंच्या उशाशी जोडावा. त्याची किंमत फार नसते.

फायबरचे कनेक्शन असेल तर मात्र तेवढ्याने भागत नाही. तिथे फोन घरातल्या डब्याला जोडलेला असतो आणि तो डबा घरच्याच विजेवर चालतो. वीज गेली की तारेचा फोनही बंद. त्या डब्याला, आणि जमल्यास कॉर्डलेसच्या बेसलाही, छोटा यूपीएस द्यावा. कनेक्शन बदलून देणारा माणूस हे आपणहून सांगेलच असे नाही. विचारून घ्यावे.

बाकी गोष्टी दुकानातच पाहता येतात. आकडे मोठे आहेत का, आवाज पुरेसा वाढतो का, हे ज्यांना वापरायचे त्यांनीच पाहावे. खोक्यावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. जुन्या घरांच्या जाड भिंतींपुढे तो बराच कमी होतो. तेव्हा बेस जिन्याजवळ, घराच्या मध्यावर ठेवावा. हँडसेटमध्ये रिचार्जेबल सेलच घालावेत. साधे सेल घालून पाळण्यावर ठेवले तर ते गळतात, फुटूही शकतात.

संच घरी आला की जुन्या डायरीतले नंबर जसेच्या तसे भरू नयेत. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. शून्यासकट नंबर भरून झाले की एखाद्या रविवारी घराचा मेन स्विच बंद करावा आणि आईंना त्यांच्याच खोलीतून मुलाला फोन लावायला सांगावे.