बंदुकीचा हिशेब

महाड औद्योगिक वसाहतीत बिरवाडी-पोलादपूरकडून कामावर येणाऱ्या कामगाराला दहशत म्हटली की दूरचे बॉम्बस्फोट आठवतात. शासनाने प्रजेवर बसवलेली दहशत मात्र त्याच्या जिल्ह्याच्या इतिहासातच नोंदलेली आहे. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहींवर, 10 सप्टेंबर 1942 रोजी महाडच्या कचेरीवरील मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. ती सत्ता परकी होती, असे म्हणून सुटका होत नाही. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी घेतलेल्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, तेव्हा 16 व 17 जानेवारी 1984 च्या गोळीबारात पाच जण ठार झाले. ते राज्य स्वकीयांचे होते.

दहशतीचे अर्थकारण येथे उघडे पडते. जमिनीचा वाजवी भाव देण्यापेक्षा भीती घालणे शासनाला स्वस्त वाटते. गोळी पाचांना लागते. धडा मागे उरलेल्या हजारोंना द्यायचा असतो. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आलेच. म्हणजे जे देता येणे शक्य होते, ते देण्यापूर्वी पाच जीव घेतले गेले.

बंदुकीच्या आधी कागद येतो. ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेले जमावबंदीचे 144 कलम 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 163 झाले. आकडा बदलला, अधिकार तसाच राहिला.

जमाव हिंसक झाल्यास पोलिसांनी काय करावे, हा प्रश्न खोटा नाही. परंतु माणसाचा जीव वाचवणे आणि सरकारची अब्रू वाचवणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. 1954 साली त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाच्याच सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया यांनी आपल्याच मुख्यमंत्र्यांचा राजीनामा मागितला. तो मिळाला नाही. पक्षात मात्र दरी पडली. तत्त्वाची किंमत अशी मोजावी लागते.

म्हणून मागणी नेमकी हवी: प्रत्येक गोळीबाराची न्यायालयीन चौकशी आपोआप सुरू व्हावी, तिचा अहवाल ठरावीक मुदतीत विधिमंडळापुढे यावा आणि आदेश देणाऱ्यावर जबाबदारी निश्चित व्हावी. सरकार कोणाचे, हे पाहून ही मागणी सौम्य करणाऱ्या कार्यकर्त्यावर कारखान्याच्या दारातला कामगार विश्वास ठेवणार नाही, आणि त्याने तो ठेवूही नये.